मुलांच्या रुग्णालयाला परिचारिकेचा पगारही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या धर्मादाय रुग्णालयाला कुणी व्हेंटिलेटर दिला, कुणी नवजात विभागाला बाळांना ऊब देणारे वॉर्मर दिले, कुणाच्या स्मरणार्थ अख्खा मजला उभा राहिला, अशा बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात. वाचून मला मनापासून आनंद होतो. सोबतचं छायाचित्रही मी नीट निरखून बघते. दात्यांचं कुटुंब, विश्वस्त, विभागप्रमुख डॉक्टर आणि मध्यभागी यंत्र. रात्री दोन वाजता त्या यंत्राचा गजर वाजल्यावर जी धावत येणार आहे, ती त्या छायाचित्रात सहसा नसते. ती वॉर्डात असते, आणि तिच्याकडे मुलं इतकी असतात की फोटोसाठी पाच मिनिटं बाहेर येणं तिला परवडत नाही.

मी निवृत्त परिचारिका आहे. माझी सगळी नोकरी ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या मुलांच्या रुग्णालयात झाली. आधी जनरल वॉर्ड, मग नवजात विभाग आणि शेवटची वर्षं कर्करोगाच्या मुलांचा विभाग. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते अशा सगळ्याच रुग्णालयांना लागू आहे. देणाऱ्यांनी यंत्रं आणि इमारती जरूर द्याव्यात, पण त्याबरोबर परिचारिकांच्या पगारासाठीही पैसे द्यावेत, आणि तेही वर्षानुवर्षं. हे पत्र त्यासाठीच आहे.

मुलांची शुश्रूषा किती हाताचं काम आहे, याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. मोठ्यांच्या वॉर्डात बऱ्याच औषधांचा डोस ठरलेला असतो. आमच्याकडे प्रत्येक डोस वजनावर निघतो. नऊशे ग्रॅमचं बाळ आणि चाळीस किलोचा मुलगा एकाच छताखाली असतात, आणि दोघांचं औषध एकाच प्रकारच्या कुपीतून काढलं जातं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून धोक्याची औषधं दोघींनी वेगवेगळी मोजायची, आकडे जुळले तरच द्यायची, असा नियम असतो. पण त्यासाठी दुसरी मोकळी असावी लागते. ती दुसऱ्या टोकाला फिट आलेल्या मुलाजवळ अडकली असेल तर पहिलीने काय करायचं? थांबायचं तर औषधाची वेळ टळते, न थांबायचं तर नियम मोडतो. नियम कागदावर लिहायला काही खर्च येत नाही. तो पाळायला माणूस लागतो.

सलाईनचंच घ्या. मुलांना किती पाणी द्यायचं याचं जे सूत्र आजही जगभर वापरतात, ते हॉलिडे आणि सीगर या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडलं. वजनाच्या पहिल्या दहा किलोंपर्यंत किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटर. म्हणजे पाच किलोच्या बाळाला तासाला साधारण वीस मिलिलिटर. मायक्रोड्रिप सेटमध्ये, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीत, साठ थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. थेंब मोजायचे, घड्याळाकडे बघायचं, पुढच्या खाटेकडे जायचं. बाळाने कोपर वाकवला की थेंब थांबतात, हात सरळ केला की पुन्हा पडू लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात दोनशे मिलिलिटर जास्त गेलं तर बहुधा काही होत नाही. पाच किलोच्या बाळाला तेवढ्याने धाप लागते.

आता पंप आले, आणि ते यायलाच हवे होते. पंप ठरलेल्या वेगाने अचूक देतो. पण सुई शिरेतून सरकून सलाईन मांसात जायला लागलं तर पंप बराच वेळ तसाच देत राहतो. ते कळतं हाताने. पट्टी सैल करायची, बाळाचे दोन्ही हात शेजारी धरायचे, कुठला टणक लागतो, कुठला गार लागतो, बोट दाबल्यावर बाळ कुठे आकसतं ते बघायचं. तासातासाला, प्रत्येक मुलाचं. काही औषधं मांसात गेली तर कातडी जळते आणि पुढे त्वचारोपण करावं लागतं. अशी एक जखम टळली तर त्याची कुठे नोंद होत नाही, आणि त्यासाठी देणगीही येत नाही.

रक्त काढायचं तरी असाच हिशेब. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात अडीचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. एक किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात शंभराच्याही आत. तिथे प्रत्येक तपासणीला दोन दोन मिलिलिटर काढत गेलं तर आठवड्यात बाळाला रक्त चढवायची वेळ येते. चांगली सिस्टर डॉक्टरांना विचारते, या दोन तपासण्या एकाच नमुन्यात होतील का? असं विचारायला अनुभव लागतो, आणि विचारायचं धाडस लागतं. दोन्ही गोष्टी नव्या मुलीत पहिल्या वर्षी नसतात.

आणि श्वास. मला नव्या मुलींना सगळ्यात आधी हेच शिकवावंसं वाटे. पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळ एका लयीत श्वास घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी साधी आहे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगाने चाललाय. खोकल्याच्या मुलात ती न्यूमोनियाची खूण. त्यासाठी यंत्र लागत नाही. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे बघत मिनिटभर उभं राहता आलं पाहिजे. तीस मुलांचा वॉर्ड आणि रात्री दोन सिस्टर असतील तर नुसते श्वास एकदा मोजायला प्रत्येकीला पंधरा मिनिटं हवीत. औषधं, सलाईन, ताप, उलट्या, नवी दाखल झालेली मुलं यांतून ती काढायची कुठून?

मुलांच्या शरीराचा एक विशेष असा, की ते फार वेळ सावरून धरतं आणि मग अचानक कोसळतं. शरीरातलं पाणी किंवा रक्त कमी झालं तरी रक्तवाहिन्या आवळून, हृदय वेगाने चालवून मूल आपला रक्तदाब बराच वेळ टिकवतं. मॉनिटरवर रक्तदाब पडलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधीच्या खुणा वेगळ्या असतात. पावलं गार पडतात. छातीवर अंगठा दाबून सोडला की गेलेला रंग परत यायला तीन सेकंद लागतात. मघाशी सुई बघून आकांत करणारं मूल आता सुई टोचली तरी नुसतं कण्हतं. आईकडे बघतं, पण ओळख देत नाही. ‘सिस्टर, हा असा कधी गप्प नसतो,’ असं आई म्हणते. हे वाक्य ऐकलं की हातातलं काम टाकून त्या खाटेकडे जायचं असतं. जायला सवड असणारी सिस्टर वॉर्डात असणं, हाच त्या मुलाचा अर्धा उपचार.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास करून २०१४ साली दाखवलं, की एका परिचारिकेच्या वाट्याला सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो अभ्यास मोठ्या माणसांचा आहे. मोठा माणूस घंटा वाजवतो, हाक मारतो, सलाईन संपली म्हणून सांगतो. आमच्या रुग्णांना यातलं काही येत नाही.

यंत्र आणि माणूस यांचं नातं काय असतं, ते प्राणवायूच्या गोष्टीवरून कळतं. १९४० च्या दशकात श्रीमंत देशांच्या रुग्णालयांत बंदिस्त काचेच्या पेट्या (इन्क्युबेटर) आल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यांत भरपूर प्राणवायू देता येऊ लागला आणि बाळं जगू लागली. आणि त्यांतली हजारो बाळं आंधळी झाली. जादा प्राणवायूमुळे डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते, हे सिद्ध व्हायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. आज आपण बोटाला किंवा पावलाला रक्तातला प्राणवायू मोजणारा प्रोब लावतो आणि त्याची पातळी एका पट्ट्यात ठेवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधारण ९० ते ९५ टक्के. कमी झाली की गजर वाजतो, वर गेली तरी वाजतो. कमी झाल्याच्या गजराला सगळे धावतात. जास्तीच्या गजराला धावून प्राणवायू एक टक्क्याने खाली आणणारी परिचारिका नसली, तर तोच प्राणवायू पुन्हा डोळे घेतो. मग तो मॉनिटर कितीही महागाचा असो.

आता उलट बाजूची गोष्ट. कावीळ झालेल्या नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे बहुतेकांना माहीत असतं. हे दिवे देणगीत वारंवार येतात आणि खूप उपयोगी पडतात. पण हा उपचार सापडला कसा? इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. बाळांना ऊन-वारा चांगला, असा त्यांचा ठाम विश्वास. १९५६ च्या उन्हाळ्यात त्या बाळांना बाहेर अंगणात नेत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट होतं, आणि चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा भाग पिवळा राहिला होता. त्यावरून डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज जगभर लाखो बाळांचे मेंदू या दिव्यांमुळे वाचतात. बाळ उघडं करून रोज त्याच्या कातडीचा रंग बघणारी एक सिस्टर तिथे होती म्हणून तो दिवा आज आपल्याकडे आहे. हे मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगत असे, आणि सांगताना मला दरवेळी अभिमान वाटे.

ना-नफा म्हणजे फुकट, असा एक समज आहे. तसं नसतं. अशा रुग्णालयात बिल होतं, पण वर्षाअखेर जी शिल्लक उरते ती कुणा मालकाच्या खिशात जात नाही. ती रुग्णालयातच परत घालायची असते. ज्यांना परवडतं ते पूर्ण पैसे भरतात, ज्यांना परवडत नाही त्यांचं बिल कमी होतं किंवा माफ होतं, आणि मधली तूट देणग्यांतून भरायची असते. गोम इथेच आहे. बहुतेक देणग्या अटींच्या असतात. यंत्रासाठी आलेला पैसा यंत्रालाच लागतो, इमारतीचा इमारतीला. दोन्ही एकदाच येतात. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. त्यामुळे नव्या खाटांचा विभाग उघडतो आणि त्या खाटांसाठी मंजूर झालेल्या परिचारिकांच्या जागा रिकाम्या राहतात. मग जुन्याच सिस्टर दोन विभागांत वाटून द्यायच्या. असा विभाग मी चालवला आहे. फळीवर नव्या यंत्रांची पेटी उघडून ठेवलेली, आणि ती वापरायचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं हाच प्रश्न, कारण प्रशिक्षणाला पाठवायची तर त्या दिवशी वॉर्ड कोण बघणार!

नवजात अतिदक्षता विभागातली मुलगी हाताखाली तयार व्हायला किमान वर्ष जातं. किलोभराच्या बाळाची शीर शोधणं, नाकातून पोटात नळी घालताना ती श्वासनलिकेत गेली नाही ना हे ओळखणं, व्हेंटिलेटरवरच्या बाळाची कूस बदलताना नळी हलू न देणं, हे सगळं पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती तयार होते, आणि मग जिथे पगार जास्त तिथे जाते. तिला मी कधीही दोष दिला नाही. तिच्याही घरी लहान मूल असतं, कर्ज असतं. पण तिच्याबरोबर आमचं वर्षभराचं शिकवणं जातं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

‘आई असतेच की मुलाजवळ’ असं काही जण म्हणतात. आई असते, आणि ती असायलाच हवी. एक काळ असा होता की मुलांच्या वॉर्डात आईबापांना आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटू देत. मुलं रडून रडून गप्प होत, आणि ती ‘रुळली’ असं कर्मचाऱ्यांना वाटे. १९५९ साली ब्रिटनमध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला. आईवडिलांना कधीही भेटू द्या, लहान मुलाच्या आईला राहू द्या, मुलांच्या खेळण्या-शिकण्याची सोय करा, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर हळूहळू दारं उघडली. पुढे १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता इथे, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या आणि एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत होती, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. २०२१ साली पाच देशांत, त्यांत भारतही होता, झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली तर मृत्यू एक चतुर्थांशाने कमी होतात.

यात यंत्र नाही. पण यात माणूस लागतोच. सलाईन, नळ्या, तारा सांभाळून बाळ आईच्या छातीवर कसं ठेवायचं, मान कशी वळवायची, श्वास थांबला तर काय करायचं, हे तिला शिकवावं लागतं. प्रसूतीच्या वेदनांतून नुकत्याच बाहेर आलेल्या, घाबरलेल्या बाईला एकदा सांगून भागत नाही. तिच्याजवळ बसावं लागतं. जिथे सिस्टर कमी, तिथे कांगारू पद्धतीची चित्रं भिंतीवर लागतात आणि बाळं पेटीतच राहतात. आई हा सर्वात मोठा आधार आहे, पण सिस्टरची रिकामी जागा भरायला तिला वापरणं हा तिच्यावर अन्याय आहे. सलाईनवर लक्ष ठेवत तिने रात्रभर जागायचं आणि काही चुकलं तर आयुष्यभर ते मनात बाळगायचं, हे कुठल्याही आईच्या वाट्याला येऊ नये.

वेदनेबद्दलही लिहायला हवं, कारण त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही असं मानून १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर अगदी अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत. डॉ. आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली दाखवून दिलं, की नीट भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली सावरतात. आता सगळं माहीत आहे. सुई टोचण्याआधी कातडी बधिर करणारं मलम मिळतं. पण ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणजे कुणाला केव्हा सुई आहे हे तासभर आधी ठरवून, मलम लावून, झाकून, पुन्हा वेळेवर परत येणारं कुणी तरी हवं. घाईच्या वॉर्डात ते कधीच होत नाही. तिथे चार जण मुलाला धरतात आणि पाचवी सुई लावते. ते मूल पुढच्या वेळी पांढरा कोट दिसताच किंचाळतं, आणि त्याला रागावण्यात काही अर्थ नसतो. खेळातून मुलांची तयारी करून घेणारी प्रशिक्षित माणसंही असतात. बाहुलीला आधी सलाईन लावून दाखवतात, रेडिएशनच्या खोलीत निश्चल पडून राहायचा खेळ खेळून घेतात. काही मुलांना रेडिएशनच्या वेळी हलू नये म्हणून रोज द्यावी लागणारी भूल त्यामुळे टळते. हे पद भरायला पैसे मागितले की खेळायला पगार कशाला, असा प्रश्न येतो.

माझी शेवटची वर्षं कर्करोगाच्या विभागात गेली, म्हणून एक उदाहरण तिथलं. मुलांमधला सर्वात जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, लिम्फोब्लास्टिक प्रकारचा. अमेरिकेतलं मेम्फिसचं सेंट ज्यूड रुग्णालय १९६२ साली उघडलं तेव्हा यातून वाचणारी मुलं शंभरात चार होती. आज तिथे चौऱ्याण्णव वाचतात. ते रुग्णालय कुटुंबाकडून उपचाराचे, प्रवासाचे, राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाही, हे पुष्कळांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे ते असं, की रुग्णालय उघडायच्या पाच वर्षं आधी, १९५७ साली, नुसता निधी गोळा करायला वेगळी संस्था स्थापन झाली आणि ती आजही अखंड तेच काम करते. इमारत बांधून ते लोक थांबले नाहीत. रोजचा खर्च कुठून येणार याची व्यवस्था त्यांनी आधी केली.

या आजारात महिनाभराच्या उपचारानंतर बहुतेक मुलांच्या रक्तात वाईट पेशी दिसेनाशा होतात. मूल जेवू लागतं, केस परत यायला लागतात, खेळतं. उपचार मात्र दोन ते तीन वर्षं चालू ठेवायचे असतात. नेमक्या याच काळात कुटुंबं उपचार सोडतात. बापाची रोजची मजुरी बुडालेली असते, धाकटं भावंड नातेवाइकांकडे ठेवलेलं असतं, राहायला जागा नसते, आणि मूल तर बरं दिसतंय. कुठल्या मुलाची तारीख चुकली हे त्याच दिवशी बघून फोन लावणारी, गाडीभाड्याची सोय करणारी, मुक्कामाला जागा शोधून देणारी समाजसेविका असेल तर ते मूल परत येतं. नसेल तर काही महिन्यांनी येतं, आजार उलटल्यावर. मी दोन्ही प्रकारची मुलं दाखल करून घेतली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मुलाच्या आईला काय सांगायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि या मुलांना ताप आला की पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं, कारण केमोथेरपीने पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात आणि जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. औषध कपाटात असतं. तासाभरात ते अंगात जाणं हे दारातच त्या मुलाला ओळखणाऱ्या सिस्टरवर अवलंबून असतं.

देणगीदार मला सांगत, पगाराला पैसे दिले तर ते कुठे गेले ते दिसत नाही, यंत्र निदान डोळ्यांना दिसतं. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर द्यायची जबाबदारी रुग्णालयांची आहे. पगारांचा खर्च ‘प्रशासकीय’ या एका ओळीत ढकलायचा आणि मग लोक देत नाहीत म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही. वॉर्डातल्या परिचारिकेचा पगार हा उपचाराचा खर्च आहे, तो वेगळा दाखवावा. आणि वर्षाच्या अहवालात किती खाटा वाढल्या, किती यंत्रं आली याबरोबर हेही छापावं: प्रत्येक विभागात दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीत एका परिचारिकेमागे किती मुलं होती, किती मंजूर जागा रिकाम्या राहिल्या, किती परिचारिका सोडून गेल्या, किती मुलांचे उपचार अर्ध्यावर सुटले. हे आकडे प्रत्येक मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, वहीत असतात. ते बाहेर आले तर काही विश्वस्तांना अवघड वाटेल. वाटू दे.

पगाराला दान ही काही नवी कल्पना नाही. लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं मुलांचं रुग्णालय १८५२ साली दहा खाटांवर सुरू झालं, ते लोकांच्या वर्गणीवर. संस्थापक डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी दोनच वर्षांनी आजारी मुलांच्या शुश्रूषेबद्दल खास परिचारिकांसाठी मार्गदर्शन लिहून काढलं, इतकं त्यांना त्या कामाचं मोल कळलं होतं. त्या शतकात इंग्लंडमधल्या मुलांच्या रुग्णालयांत दाते खाट पुरस्कृत करत. खाटेवर दात्याचं नाव लागे, आणि त्या पैशातून ती खाट चालवली जाई. नुसत्या लाकडाची आणि गादीची देणगी ती नव्हती. तीच पद्धत आज वेगळ्या रूपात आणता येईल. नवजात विभागातली रात्रपाळीची एक जागा, सलग पाच वर्षं. एखाद्या कुटुंबाला किंवा कंपनीला ते जमलं नाही तर दहा जणांनी मिळून. नावाची पाटी हवी असेल तर ती सिस्टरच्या टेबलामागे भिंतीवर लावावी, मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पाच वर्षं अशासाठी, की वर्षभराच्या पैशावर रुग्णालय कंत्राटी मुलगीच घेऊ शकतं, आणि कंत्राटी मुलगी शिकून होईपर्यंत कंत्राट संपतं. यंत्र देणाऱ्यांनीही यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या देखभालीचे आणि ते चालवायला शिकवण्याचे पैसे द्यावेत. बंद पडलेली कितीतरी यंत्रं मी जिन्याखाली बघितली आहेत, एका छोट्या सुट्या भागासाठी अडलेली.

आपल्याला एक विनंती आहे. अशा देणगीच्या बातमीला आपले वार्ताहर जातील तेव्हा त्यांनी मेट्रनना भेटून एवढंच विचारावं, की हे यंत्र रात्री कोण चालवणार, आणि तिच्याकडे त्या वेळी आणखी किती मुलं असतील. मिळालेलं उत्तर बातमीत छापावं. दात्यांना ते वाचून वाईट वाटणार नाही. बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी काही जणांशी बोलले आहे, त्यांतल्या दोघांनी नंतर परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलला.

माझ्यापुरतं सांगायचं, तर हात अजून स्थिर आहेत आणि नजरही चांगली आहे. कुठल्याही धर्मादाय मुलांच्या रुग्णालयाला नव्या परिचारिकांना लहान बाळांची शीर शोधायला, डोस काढायला, कांगारू पद्धत शिकवायला कुणी हवं असेल तर मी विनामोबदला येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बालरुग्ण परिचारिका